जीवनाआधीची निवड : नैसर्गिक निवडीच्या आरंभाचा शोध

प्रस्तावना :

चार्ल्स डार्विन यांच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' (१८५९) या ग्रंथाने सजीवांच्या विविधतेचे कारण सांगितले; पण पहिला सजीव कोठून आला, या प्रश्नावर त्या ग्रंथाने जवळजवळ मौनच पाळले आहे. आरंभी एक किंवा मोजके आदिम जीव होते, एवढे गृहीत धरून त्यातील विवेचन पुढे जाते. बारा वर्षांनी, फेब्रुवारी १८७१ मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर या आपल्या मित्राला लिहिलेल्या खासगी पत्रात मात्र डार्विन यांनी या विषयावर मोकळेपणाने तर्क केला. अमोनिया, फॉस्फरसयुक्त क्षार, प्रकाश, उष्णता आणि वीज यांच्या योगाने एखाद्या लहानशा कोमट डबक्यात प्रथिनासारखे संयुग तयार झाले असेल काय, असा तो तर्क होता. हे डबके पुढे फार प्रसिद्ध झाले. त्याच पत्रातील दुसरे निरीक्षण तेवढे प्रसिद्ध झाले नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र ते अधिक मोलाचे आहे. असे संयुग आज तयार झाले तर कोणता ना कोणता सजीव ते तत्काळ फस्त करील. सजीव निर्माण होण्यापूर्वी तशी स्थिती नव्हती, असे डार्विन यांनी तेथे नोंदवले आहे.

नैसर्गिक निवड सजीवांवर कार्य करते, असे आपण शिकतो आणि शिकवतो. मग सजीव घडण्यापूर्वी ती कार्य करीत होती काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिला सजीव त्याच्या साऱ्या गुंतागुंतीसह निव्वळ योगायोगाने जुळून आला असे मानणे भाग पडते. साध्यातल्या साध्या जीवाणूची रचना पाहिली तर असा योगायोग मानण्यास मन धजत नाही. उत्तर होकारार्थी असेल, तर निवड म्हणजे नेमके काय, हे 'सजीव' या शब्दाचा आधार न घेता सांगता आले पाहिजे. डार्विन यांच्या तत्त्वाला स्वतःच्या उगमाचे स्पष्टीकरण देता येते किंवा नाही, हा येथे खरा मुद्दा आहे.

या मुद्द्यावर ऑक्टोबर १९६३ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात वकुला स्प्रिंग्ज येथे भरलेल्या परिषदेत एक आक्षेप घेतला गेला. विख्यात आनुवंशशास्त्रज्ञ थिओडोशियस डॉबझान्स्की यांनी 'जीवपूर्व नैसर्गिक निवड' ही संज्ञाच आत्मविसंगत ठरवली. निवड होण्यासाठी स्वतःच्या प्रती काढणाऱ्या वस्तू आधी अस्तित्वात असाव्या लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. जीवोत्पत्तीच्या रासायनिक सिद्धांताचे दोन प्रवर्तक, रशियाचे अलेक्सांद्र ओपारिन आणि जे. बी. एस. हाल्डेन, याच परिषदेत प्रथम एकमेकांना भेटले. हाल्डेन तोवर भारतीय नागरिक झाले होते. १९५७ मध्ये ते इंग्लंड सोडून भारतात आले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात जीवोत्पत्तीविषयीच्या त्यांच्या १९२९ च्या तर्काचा उल्लेख होता. २०२३ मध्ये त्या पुस्तकातून उत्क्रांतीचे विवेचन वगळले गेले, तेव्हा हा मजकूरही गेला. देशभरातील शास्त्रज्ञांनी त्याला जाहीर विरोध केला. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रश्नाची तोंडओळखही होऊ नये, हे प्रस्तुत लेखकाला अनिष्ट वाटते.

पाखडणे आणि बियाणे राखणे :

सुपात धान्य पाखडले की फोलपट उडून जाते आणि दाणा राहतो. हीसुद्धा निवडच आहे. पण वर्षानुवर्षे पाखडत राहिले म्हणून दाणा टपोरा होत नाही. शेतकरी ज्वारीची भरदार कणसे बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवतो, तेव्हा मात्र गोष्ट निराळी होते. राखलेला दाणा पुढील हंगामात आपल्यासारखे दाणे देतो, त्यांत थोडाफार फरक असतो, आणि पुढची निवड त्या फरकांतून होते. पहिल्या प्रकारात निवडीचा परिणाम तेथेच संपतो, दुसऱ्या प्रकारात तो साचत जातो.

जीवपूर्व पृथ्वीवर पाखडणे सर्वत्र चालू होते. अतिनील किरणांच्या माऱ्यात काही रेणू फुटले, काही टिकले. उष्ण पाण्यात काही विरघळले, काही खनिजांच्या पृष्ठभागाला चिकटून राहिले. स्टॅन्ली मिलर यांनी १९५३ मध्ये मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणातून विजेच्या ठिणग्या सोडल्या, तेव्हा चंबूत ग्लायसिन, अॅलॅनिन यांसारखी अमिनो आम्ले सापडली. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या उल्केतही अमिनो आम्ले आढळली. कच्चा माल दुर्मीळ नव्हता, एवढे यावरून दिसते. मात्र चंबूतील ग्लायसिनमुळे पुढील चंबूत अधिक ग्लायसिन तयार होत नाही. तेथे टिकाऊपणा आहे, वारसा नाही.

रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७० मध्ये निवडीच्या अटी नेमक्या शब्दांत मांडल्या. समूहातील घटकांत फरक असावा. त्या फरकांनुसार त्यांच्या टिकण्याच्या व वाढण्याच्या प्रमाणात फरक पडावा. आणि हे फरक पुढील पिढीत उतरावेत. या अटी पूर्ण करणारी वस्तू सजीवच असली पाहिजे, असे त्यांतून निष्पन्न होत नाही. म्हणून डॉबझान्स्की यांच्या आक्षेपाचा एक भाग स्वीकारावा लागतो : प्रतिकृती नाही तर निवड नाही. पण प्रतिकृती निघणे म्हणजे जीवन नव्हे, आणि येथेच त्या आक्षेपाची धार बोथट होते.

प्रतिकृती ही रेणूच्या साखळीचीच असावी लागते काय, यावर मतभेद आहेत. परस्परांच्या निर्मितीला चालना देणाऱ्या लहान रेणूंचे जाळे हाच पहिला वारसा होता, असे काही संशोधक मानतात. व्हेरा वासास, योर्स सॅथमारी व मॉरो सांतोस यांनी २०१० मध्ये अशा जाळ्यांचे गणिती विश्लेषण केले, तेव्हा त्यांतील वारसा फार ढिला आढळला; निवडीला पकड घेता येईल इतका तो नेमका नव्हता. वाद अद्याप चालू आहे. तथापि प्रयोगाचा भक्कम पुरावा साखळीच्या बाजूला अधिक असल्याने येथे त्याचाच मागोवा घेतला आहे.

परीक्षानळीतील उत्क्रांती :

हा पुरावा प्रथम मिळाला तो इलिनॉय विद्यापीठातील सॉल स्पीगेलमन यांच्या प्रयोगशाळेत. क्यू-बीटा हा जीवाणूंना ग्रासणारा एक विषाणू असून त्याचा आनुवंशिक संदेश आरएनएच्या एकेरी साखळीत लिहिलेला असतो. ही साखळी चार प्रकारच्या न्यूक्लिओटाइडांची, म्हणजे जणू चार अक्षरांची बनलेली असते. तिची नक्कल करणारे एक विशेष विकर, म्हणजे एन्झाइम, असते. स्पीगेलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विकर शुद्ध स्वरूपात परीक्षानळीत घेतले, त्यात चारही न्यूक्लिओटाइडे टाकली आणि विषाणूचा थोडा आरएनए सोडला. काही मिनिटांत प्रती तयार झाल्या. त्या द्रावणाचा अल्पसा अंश दुसऱ्या नळीत टाकला. तिच्यात विकर व न्यूक्लिओटाइडे होती, आरएनए नव्हता. तेथून तिसऱ्या नळीत, मग चौथ्या, अशी ही बदली चालू ठेवली आणि दोन बदल्यांमधील वेळ हळूहळू कमी करीत नेला. ज्या रेणूची प्रत वेळेत निघेल तोच पुढील नळीत पोचणार, एवढीच अट होती. पेशी नाही, अन्न शोधणे नाही, शत्रू नाही.

चौऱ्याहत्तर बदल्यांनंतर जो रेणू हाती आला त्याने आपल्या मूळ लांबीपैकी ८३ टक्के भाग टाकून दिला होता. साडेतीन हजारांहून अधिक अक्षरांच्या संदेशातील सुमारे साडेपाचशे अक्षरे उरली होती. प्रथिने कशी बनवावीत, जीवाणूत शिरकाव कसा करावा, विकर कसे घडवावे, या साऱ्या सूचना गळाल्या होत्या. विकराला ओळखू येईल एवढी खूण तेवढी शिल्लक होती. १९६७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे १९७० मध्ये त्याच पद्धतीने, पण नळीत इथिडियम ब्रोमाइड हे प्रत काढण्यात अडथळा आणणारे रसायन घालून प्रयोग केला, तेव्हा त्या रसायनाला दाद न देणारे आरएनए रेणू पुढे आले. निवड केवळ कात्री चालवत नव्हती, परिस्थितीला साजेसा बदलही घडवत होती.

या प्रयोगाचे दोन अर्थ निघतात आणि बहुतेक विवेचनांत पहिल्यावरच भर असतो. पहिला अर्थ हा की नैसर्गिक निवडीला सजीवाची गरज नाही. हे निर्विवाद आहे. दुसरा अर्थ मात्र काहीसा अस्वस्थ करणारा आहे. निवडीला मोकळे सोडले तर ती गुंतागुंतीकडे जाईलच असे नाही. येथे ती उलट दिशेने धावली. लहान साखळीची प्रत लवकर निघते, म्हणून लहान साखळी जिंकली. 'सर्वांत योग्य तो टिकतो' हे वाक्य आपल्याकडे प्रगतीचा मंत्र म्हणून उच्चारले जाते. स्पीगेलमन यांच्या नळीत सर्वांत योग्य ठरला तो सर्वांत रिकामा. तेव्हा निवड कशी सुरू झाली, एवढे सांगून भागत नाही. तिने रेणूंना झिजवण्याऐवजी घडवण्यास केव्हा आरंभ केला, हेही सांगावे लागते.

शिवाय या नळीतील विकर हे आयते होते, अब्जावधी वर्षांच्या उत्क्रांतीतून आलेले होते. आदिम पृथ्वीवर ते कोणी पुरवले? या शंकेचे अंशतः निरसन १९८० च्या दशकात झाले. टॉमस चेक यांना १९८२ मध्ये टेट्राहायमिना या एकपेशीय जीवातील आरएनए स्वतःच स्वतःला कापून जोडताना आढळला, आणि १९८३ मध्ये सिडनी ऑल्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एका आरएनएचे विकरासारखे कार्य दाखवून दिले. संदेश वाहणारा रेणूच कामही करू शकतो, हे सिद्ध झाल्याबद्दल १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९८६ मध्ये 'आरएनए विश्व' ही संज्ञा रूढ केली. पुढे डेव्हिड बार्टेल व जॅक शोस्टॅक यांनी १९९३ मध्ये सुमारे एक हजार लक्ष कोटी यादृच्छिक आरएनए साखळ्यांच्या मिश्रणातून निवडीच्या दहा फेऱ्यांनी साखळ्या जोडणारे आरएनए मिळवले. गबाळातूनही कामाचा रेणू निवडून काढता येतो, हे त्यातून दिसले. मात्र तेथे निवडणारा हात प्रयोगकर्त्याचा होता, हे विसरता कामा नये.

लेखनिकाच्या चुका :

हस्तलिखित पोथ्यांच्या परंपरेत प्रत्येक नकलेगणिक पाठभेद वाढत जातात. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत हे झालेच होते, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. रेणूंच्या जगात असा शुद्धिकर्ता नव्हता. चुका थोड्या असतील तर त्या उपकारक ठरतात, कारण निवडीला लागणारे फरक त्यांतूनच मिळतात. पण एका मर्यादेपलीकडे चुका गेल्या की चांगला रेणू निवडला जाण्याआधीच त्याच्या प्रतींमध्ये विरून जातो. रासायनिक गतिशास्त्रातील कार्याबद्दल १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे मानफ्रेड आयगेन यांनी १९७१ मध्ये या मर्यादेचे गणित मांडले. त्याचा ढोबळ निष्कर्ष असा : शंभर अक्षरांमागे एक चूक होत असेल, तर साधारणतः शंभर अक्षरांपेक्षा फार लांब संदेश टिकवता येत नाही. विकराच्या साहाय्यावाचून निघणाऱ्या प्रती याहून अचूक असण्याची अपेक्षा करता येत नाही.

अडचण येथेच उभी राहते. प्रयोगशाळेत घडवलेले, आरएनएची नक्कल करू शकणारे आरएनए रेणू सुमारे दोनशे अक्षरांचे आहेत. अचूक प्रत काढण्यासाठी लांब रेणू हवा आणि लांब रेणू टिकवण्यासाठी अचूक प्रत हवी. हा पेच 'आयगेनचा विरोधाभास' म्हणून ओळखला जातो. तो निव्वळ कागदी नाही, हे अमेरिकेतील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये जेराल्ड जॉइस यांच्या गटाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष दाखवले. त्यांनी नक्कल करणाऱ्या एका आरएनएकडून दुसऱ्या, कापण्याचे काम करणाऱ्या लहान आरएनएच्या प्रतींमागून प्रती काढवल्या. नक्कल करणारा रेणू ढिसाळ होता तेव्हा काही फेऱ्यांत ते काम लोप पावले. अधिक अचूक रेणू वापरला तेव्हा काम टिकले आणि नवे, अधिक जोमाने पसरणारे प्रकारही उदयास आले. एकाच प्रयोगातील या दोन निष्पत्तींमध्ये आयगेन यांची मर्यादारेषा येते.

आवरण आणि ऐतखाऊ :

समजा, एखाद्या डबक्यात इतरांच्या अचूक प्रती काढणारा आरएनए कसाबसा तयार झाला. तो शेजारच्या रेणूंची नक्कल करतो. स्वतःची नक्कल त्याला दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते. त्याच्या श्रमाचा लाभ गावविहिरीच्या पाण्यासारखा सर्वांना सारखाच मिळतो. अशा स्थितीत स्वतः काही न करणारा, आखूड आणि झटपट नक्कल होणारा रेणू सर्वाधिक फायद्यात राहतो. आयत्या बिळावरचे हे नागोबा वाढत जातात, कष्टकरी रेणू विरळ होतो आणि शेवटी दोघेही नष्ट होतात. स्पीगेलमन यांच्या नळीत जिंकलेला रेणू असाच ऐतखाऊ होता; विकर बाहेरून पुरवले जात होते म्हणूनच तो तगला.

आयगेन व पीटर शुस्टर यांनी १९७७ पासून परस्परांना साहाय्य करणाऱ्या रेणूंच्या साखळीची कल्पना मांडून विरोधाभासातून वाट काढण्याचा यत्न केला. हाल्डेन यांचे शिष्य जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७९ मध्ये तिच्यातील उणीव दाखवली. खुल्या द्रावणात परोपकारी रेणूला कोणताच लाभ नाही. त्याचे कार्य त्याच्याच वंशाच्या उपयोगी पडावे यासाठी त्याला भोवतालापासून वेगळे करणारे आवरण हवे. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नाच्या इतिहासातील हे सर्वांत निर्णायक पाऊल होय. आवरण आले की निवडीचा घटकच बदलतो. आता रेणूऐवजी पुटिका, म्हणजे रेणूंची पिशवी, स्पर्धेत उतरते. ज्या पुटिकेत ऐतखाऊ माजले ती मागे पडते. जिच्यात कामाचे रेणू आहेत ती वाढते, विभागते. आत ऐतखाऊ जिंकत असतानाही बाहेर त्यांची सरशी होत नाही.

असे आवरण मिळणे फारसे अवघड नव्हते. मेदाम्लांचे रेणू पाण्यात आपोआप पुटिका बनवतात. शोस्टॅक यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले की माँटमोरिलोनाइट या चिकणमातीमुळे पुटिका झपाट्याने तयार होतात, शिवाय मातीचे कण आपल्याला चिकटलेला आरएनएही पुटिकेच्या आत नेतात. याच मातीच्या पृष्ठभागावर न्यूक्लिओटाइडे जुळून आरएनएच्या साखळ्या लांबतात, हे जेम्स फेरिस यांच्या प्रयोगांतून आधीच कळले होते. २००४ मध्ये शोस्टॅक यांच्याच प्रयोगशाळेतून आणखी एक निष्कर्ष आला. आरएनए भरलेली पुटिका परासरणाच्या दाबाने फुगते, तिचे पटल ताणले जाते, आणि ती शेजारच्या रिकाम्या पुटिकांच्या पटलातील मेदाम्ले ओढून घेऊन वाढते, तर त्या आक्रसतात. आत अधिक प्रती काढणारा आरएनए असेल तर पुटिकेची वाढ अधिक होणार, इतका थेट हा संबंध आहे. रेणूचे काम आणि पिशवीचे भाग्य यांची गाठ पडते ती साध्या भौतिक नियमाने.

ऐतखाऊंचा निकाल मात्र कायमचा लागत नाही. जपानमधील नोरिकाझू इचिहाशी यांच्या गटाने तेलातील पाण्याच्या थेंबांत आरएनए आणि त्यापासून प्रथिन बनवणारी यंत्रणा ठेवून दीर्घ प्रयोग केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात २४० फेऱ्यांनंतर एकाच मूळ आरएनएपासून पाच वंश निर्माण झालेले आढळले : तीन यजमान, दोन परजीवी. परजीवींनी यजमानांना संपवले नाही. त्यांच्यापासून बचाव करण्याच्या गरजेतून यजमानांत वैविध्य आले आणि त्यांच्यामागोमाग परजीवीही बदलले. ज्यांच्यामुळे खुल्या द्रावणात विनाश ओढवतो, त्यांनीच थेंबांच्या जगात गुंतागुंत वाढवली. यातील यंत्रणा आजच्या जीवाणूंकडून उसनी घेतलेली असल्याने याला आदिम पृथ्वीचे चित्र म्हणता येणार नाही. तथापि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले एक जनुकीय विश्लेषण याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. आजच्या सर्व पेशीय सजीवांचा अखेरचा सामाईक पूर्वज सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला असावा आणि त्याच्यापाशी विषाणूंचा प्रतिकार करणारी प्राथमिक यंत्रणा असावी, असे अनुमान त्यात काढले आहे. डार्विन यांच्या डबक्यात फस्त करणारे कोणी नव्हते हे खरे. पण ती निर्वेधता फार काळ टिकलेली दिसत नाही.

या साऱ्या मालिकेत एक दुवा अजून कच्चा आहे. आरएनएची नक्कल होते तेव्हा नवी साखळी जुन्या साखळीला घट्ट बिलगून बसते. पुढची प्रत निघायची तर दोन्ही अलग व्हायला हव्यात. उष्णता दिली की त्या सुटतात, परंतु थंड होताच नवी नक्कल सुरू होण्यापूर्वीच पुन्हा एकमेकींना चिकटतात. आणि उष्णतेने आरएनए तुटतो ते निराळेच. केंब्रिजमधील फिलिप हॉलिगर यांच्या गटाने २०२५ मध्ये यावर एक उपाय सुचवला. न्यूक्लिओटाइडे सुटी न देता तीन-तीनच्या गटाने दिली आणि द्रावण आळीपाळीने आम्लधर्मी व उष्ण करून, मग उदासीन करून गोठवले, तर सुट्या झालेल्या साखळ्यांना हे त्रिगट चिकटून राहतात आणि त्यांना पुन्हा बिलगू देत नाहीत. गोठताना बर्फाच्या स्फटिकांमधील फटींत उरलेल्या द्रवात नकलेचे काम होते. थंड प्रदेशातील भू-औष्णिक झऱ्यांच्या परिसरात असे चक्र संभवते. मात्र प्रयोगातील त्रिगट आणि नक्कल करणारा आरएनए ही दोन्ही संशोधकांनी स्वतः पुरवली होती.